यांत्रिक तरंग कसे ओळखावेत : दोरी, हलगी, रंकाळा आणि कोयनेची पहाट

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या पाण्यावर संध्याकाळच्या वाऱ्याने उठणाऱ्या लाटांकडे बोट दाखवून ‘हा अवतरंग की अनुतरंग?’, म्हणजे पाण्याचे कण लाटेच्या दिशेला लंब हलतात की त्याच दिशेत पुढे-मागे, असे विचारले, तर अकरावी-बारावीची बहुतेक मुले ‘अवतरंग’ असे सांगून मोकळी होतात. त्यात त्यांचा दोष थोडाच आहे. एका शाळेच्या सराव प्रश्नपत्रिकेत याच उत्तराला पूर्ण गुण दिलेले मी पाहिले आहेत आणि खरे सांगायचे तर अध्यापनाच्या पहिल्या काही वर्षांत मीही वर्गात हेच सांगत होतो. माझी चूक मला दाखवून दिली ती पाण्यावर तरंगणाऱ्या एका नारळाच्या करवंटीने. लाट खालून जाताना ती नुसती वर-खाली होत नव्हती. वर असताना थोडी पुढे सरके, खाली आली की तेवढीच मागे येई, आणि अशा रीतीने एकाच जागी लहानसे वर्तुळ काढत राही.

तरंगाचा प्रकार लाटेच्या आकारावरून ठरत नाही. माध्यमाचा एक कण हेरायचा, तरंग जाताना तो कोणत्या दिशेने हलतो ते पाहायचे आणि त्याला मूळ जागी परत ओढणारे बल कोणते ते शोधायचे. या लेखातील सगळे प्रयोग याच एका सवयीसाठी आहेत. विद्यार्थ्यांनी, पालकांनी किंवा शिक्षकांनी ते क्रमाने करावेत, कारण प्रत्येक प्रयोगाची अडचण पुढच्या प्रयोगात सुटते.

साहित्य आणि दोन शब्द पूर्वतयारीचे

सहा मीटर लांबीची जाडसर सुती दोरी, जत्रेत मिळते ती सैल वेटोळ्यांची लांब स्प्रिंग, भाजीवाल्याकडे असतो तसा लटकता स्प्रिंग-काटा, बेकरीतला आयताकृती ट्रे, झाकणाची एक छोटी प्लास्टिकची बाटली, एक फुगा, थोडा रवा, रंगीत चिंध्या आणि मोबाईलमधले स्टॉपवॉच एवढे साहित्य पुरते.

यांत्रिक तरंगाला माध्यम लागते आणि त्या माध्यमात दोन गुण असावे लागतात. कण ढळला की त्याला परत ओढणारे काहीतरी हवे, म्हणजे स्थितिस्थापकता, ताण किंवा गुरुत्व. आणि परत आलेला कण मूळ जागी न थांबता पलीकडे जाईल असे जडत्व हवे. या दोहोंच्या ओढाताणीतून तरंग पुढे जातो. माध्यम मात्र जागेवरच राहते. प्रकाश आणि रेडिओलहरी निर्वात पोकळीतूनही जातात, म्हणून त्या यांत्रिक तरंगांत मोडत नाहीत.

दोरी : अवतरंग

दोरीचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसरे टोक काट्याच्या आकड्यात अडकवून काटा हातात धरा आणि दोरीच्या मध्यावर लाल चिंधी बांधा. काटा एक किलो दाखवेल इतकी दोरी ताणा; हा ताण सुमारे १० न्यूटन होतो. आता मनगटाने एकच झटका वर-खाली द्या. दोरीवर एक उंचवटा धावत जाईल, पण तुम्ही उंचवट्याकडे पाहू नका, चिंधीकडे पाहा. चिंधी वर जाते, खाली येते आणि होती तिथेच थांबते; गजाच्या दिशेने ती बोटभरही सरकत नाही. तरंग आडवा गेला, कण उभा हलला. कणाची हालचाल तरंगाच्या दिशेला लंब असते असा हा अवतरंग होय. त्याच्या उंचवट्याला शृंग आणि खोलगट भागाला गर्त म्हणतात.

पुढचा झटका देण्यापूर्वी मुलांना विचारा की झटका दुप्पट जोराने दिला तर उंचवटा लवकर पोहोचेल का. बहुतेकांचे उत्तर ‘हो’ असते. करून पाहिल्यावर उंचवटा मोठा दिसतो, पण वेळ तेवढाच लागतो. दोरीवरचा वेग ठरतो तो दोरीचा ताण आणि दर मीटरला असलेले वस्तुमान यांवर. ताणाला या वस्तुमानाने भागून वर्गमूळ काढले की वेग मिळतो. दोरी ६०० ग्रॅमची असेल, तर मीटरला ०.१ किलोग्रॅम पडते. १० भागिले ०.१ म्हणजे १००, आणि त्याचे वर्गमूळ १०. म्हणजे उंचवटा सेकंदाला १० मीटर धावतो आणि गजापर्यंत जाऊन परत यायला १.२ सेकंद घेतो. एका फेरीची वेळ घड्याळावर नीट पकडता येत नाही, म्हणून तीन फेऱ्या मोजून तीनाने भागावे. नंतर ताण चार किलोपर्यंत वाढवा. वेग चौपट होत नाही, दुप्पट होतो. फेरीचा वेळ ०.६ सेकंदावर येतो. वर्गमूळ म्हणजे काय, हे मुलांना या दोन आकड्यांतून जेवढे कळते तेवढे फळ्यावरच्या सूत्रातून कळत नाही.

गजावरून परत येणारा उंचवटा उलटा, म्हणजे गर्त होऊन येतो, हेही नजरेतून निसटू देऊ नये. बांधलेले टोक हलू शकत नसल्याने गज दोरीला उलट दिशेने खेचतो. तेच टोक हातभर बारीक सुतळीने गजाला बांधले, म्हणजे ते वर-खाली व्हायला मोकळे झाले, की उंचवटा उंचवटाच राहून परततो.

स्प्रिंग : अनुतरंग

गुळगुळीत फरशीवर स्प्रिंग तीन-चार मीटर ताणून ठेवा, दोन्ही टोके दोघांनी धरा आणि मधल्या एका वेटोळ्याला चिंधी बांधा. एका टोकाची सात-आठ वेटोळी हाताने गोळा करून सोडून द्या. दाट वेटोळ्यांचा एक पट्टा सरसर पुढे जातो. चिंधी आधी पुढे सरकते, मग मागे येते आणि जागेवर थांबते. ती वर किंवा बाजूला जात नाही. कण तरंगाच्याच रेषेत पुढे-मागे हलला, म्हणून हा अनुतरंग. दाट भागाला संपीडन आणि विरळ भागाला विरलन म्हणतात.

इथे एक सूचना अनुभवाने देतो. स्प्रिंग एकदा गुंतली की ती सोडवण्यात अख्खा तास जातो, आणि तो माझा गेलेला आहे. म्हणून टोक हातातून अचानक सोडू नये आणि वर्गात एका वेळी दोघांपेक्षा जास्त मुलांना ती हाताळू देऊ नये.

हीच स्प्रिंग बाजूला झटकली तर अवतरंग जातो, म्हणजे एकाच माध्यमातून दोन्ही प्रकार जाऊ शकतात. या खेळण्याची एक गंमत पुस्तकांत सहसा येत नाही. स्प्रिंग तिच्या मूळ लांबीच्या कित्येक पट ताणलेली असेल, तर तिच्यावर अवतरंग आणि अनुतरंग जवळपास एकाच वेगाने धावतात. शिवाय ती आणखी ताणली तरी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला लागणारा वेळ बदलत नाही, कारण अंतर आणि वेग एकाच प्रमाणात वाढतात. घड्याळ लावून खात्री करून घ्यावी.

हलगी आणि हवा

कोल्हापुरात कुस्तीचे मैदान असले की हलगीवाले आधी पाचट किंवा कागद पेटवून त्या जाळावर हलगी शेकताना दिसतात. पावसाळी हवेत कातडे ओल धरून सैल पडते आणि आवाज बसतो. शेकल्यावर ओल जाऊन कातडे आवळते, ताण वाढतो, कातड्यावरच्या तरंगांचा वेग वाढतो आणि सूर चढतो. दोरी चार किलोपर्यंत ताणताना आपण जे केले, तेच हलगीवाला जाळावर करतो. शेकता शेकता तो मध्येच बोटाने टिचकी मारून पाहतो, कारण ताण नेमका किती झाला हे त्याला काट्यावर नव्हे, कानावर कळते.

आता एकाच थापेतले दोन तरंग वेगळे करून पाहू. काडी पडली की कातड्याचा प्रत्येक बिंदू कातड्याच्या पृष्ठाला लंब दिशेने आत-बाहेर होतो, आणि तरंग मात्र कातड्यावरून कडेकडे पसरतो. म्हणजे कातड्यावर अवतरंग आहे. ते कातडे समोरच्या हवेला ढकलते आणि ओढते, हवेचे थर त्याच दिशेने पुढे-मागे होतात, आणि आपल्या कानापर्यंत येतो तो अनुतरंग. वाद्यावर एक प्रकार, हवेत दुसरा. ‘ढोलाचा आवाज कोणता तरंग?’ या प्रश्नावर गोंधळ होतो तो हे दोन टप्पे वेगळे न केल्यामुळे.

हवेत अवतरंग का जात नाही, हे पत्त्यांच्या कॅटवरून समजते. कॅट टेबलावर ठेवून वरचे पान बाजूला सरकवले, तर खालची पाने त्याला मागे ओढत नाहीत. हवेचे आणि पाण्याचे थरही असेच एकमेकांवरून घसरतात. बाजूला ढळलेल्या थराला परत आणणारे बल त्यांच्यात नसते. दाबले तर मात्र ते उलट दाब देतात. म्हणून वायूच्या आणि द्रवाच्या पोटातून फक्त अनुतरंग जातो, आणि घन पदार्थ बाजूच्या ढकलण्यालाही विरोध करत असल्यामुळे त्यातून दोन्ही जातात. हे वाक्य नीट लक्षात ठेवावे. भूकंपाकडे वळू तेव्हा ते पुन्हा लागणार आहे.

हवेला चिंधी बांधता येत नाही ही अडचण आहेच. साध्या बोलण्याच्या आवाजात हवेचे थर हलतात ते अंतर मिलिमीटरच्या सुमारे एक लक्षांश एवढेच असते. त्यावर दोन उपाय आहेत. मोठ्या स्पीकरवर अगदी खालच्या सुराचा आवाज लावून समोर मेणबत्ती धरली, तर ज्योत स्पीकरच्या दिशेने पुढे-मागे थरथरते. किंवा पातेल्याच्या तोंडावर कापलेला फुगा घट्ट ताणून बसवावा, वर चिमूटभर रवा टाकावा आणि शेजारी तोंड नेऊन ‘आऽऽ’ असा सूर लांबवावा. सूर बदलत गेलो की एका ठरावीक सुराला रवा उड्या मारू लागतो आणि न हलणाऱ्या रेषांवर गोळा होतो. फुंकर लागू देऊ नये, नाहीतर रवा उडतो आणि श्रेय ध्वनीला जाते.

पुस्तकातल्या नागमोडी आलेखाबद्दलही सावध करायला हवे. ध्वनीचा तरंग वळवळत जातो असा समज त्या चित्राने होतो. तो आलेख कणांच्या विस्थापनाचा असतो, तरंगाच्या रूपाचा नव्हे. तो नीट वाचला तर एक अनपेक्षित गोष्ट हाती लागते : संपीडनाच्या अगदी मध्यावरचा कण आपल्या मूळ जागीच असतो, त्याच्या मागचे कण पुढे आणि पुढचे मागे सरकल्यामुळे तिथे गर्दी झालेली असते.

टाळ्यांनी ध्वनीचा वेग मोजणे

मोकळे मैदान आणि कडेला उंच, सलग भिंत अशी जागा शोधा. पहाटे लवकर गेलात तर रहदारीचा त्रास होणार नाही. भिंतीपासून टेपने मोजून ५० मीटरवर उभे राहा आणि टाळी वाजवा. टाळीपेक्षा हलगीची एक कडक थाप अधिक स्पष्ट परतते. प्रतिध्वनी ऐकू आला की पुढची टाळी नेमकी त्या प्रतिध्वनीवर पडेल अशी लय धरा. लय जमली की प्रतिध्वनी ऐकू येईनासा होतो, कारण तो टाळीखाली झाकला जातो. जोडीदाराने ‘शून्य’ म्हणून घड्याळ सुरू करावे आणि विसाव्या टाळीला थांबवावे.

प्रत्येक टाळीमागे ध्वनी १०० मीटर जातो, म्हणजे वीस टाळ्यांत २,००० मीटर. २५ अंश सेल्सिअसला हवेतला ध्वनिवेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो, म्हणून वेळ ५.८ सेकंदांच्या आसपास यायला हवा. शून्य अंशाला हा वेग ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो. डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांना हाच प्रयोग केला तर ५.८८ आणि मे महिन्याच्या ३५ अंशांना ५.६८ सेकंद यावेत. हा फरक वीस टाळ्यांत पकडणे कठीण आहे. लय टिकत असेल तर पन्नास टाळ्या मोजाव्यात.

घनता जास्त म्हणून घन पदार्थात ध्वनी वेगाने जातो, असे विधान पुष्कळ वह्यांत आढळते. ते चुकीचे आहे. नुसती घनता वाढली तर वेग कमी होतो. पाण्यात तो सुमारे १,४८० आणि पोलादी सळईत सुमारे ५,००० मीटर होतो, कारण दाबाला विरोध करण्याची त्यांची ताकद घनतेपेक्षा कितीतरी अधिक पटींनी वाढलेली असते.

तानपुरा : जागच्या जागी थरथरणारा तरंग

सहा मीटरच्या दोरीकडे परत या. ताण एक किलोचाच ठेवा आणि एकच झटका न देता हात सतत हलवत राहा. सेकंदाला साधारण अडीच हेलकावे झाले की दोरीचे तीन फुगीर भाग होतात आणि मधले दोन बिंदू हलतच नाहीत. तुमच्याकडून जाणारा आणि गजावरून उलटून येणारा तरंग एकमेकांत मिसळून हा स्थिर तरंग तयार होतो. न हलणारे बिंदू ते निस्पंद, सर्वांत जास्त हलणारे ते प्रस्पंद. लगतच्या दोन शृंगांमधले अंतर म्हणजे तरंगलांबी, आणि लगतच्या दोन निस्पंदांत अर्धी तरंगलांबी असते. इथे ते अंतर २ मीटर आहे, म्हणून तरंगलांबी ४ मीटर, आणि अडीचने गुणले की वेग पुन्हा १० मीटरच येतो. दोन वेगळ्या रीतींनी एकच आकडा मिळाला की मोजणीवर भरवसा बसतो.

तारवाद्यांसाठी नावाजलेले मिरज आपल्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे, आणि जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ याच करवीरात राहून गेले; तेव्हा घरात किंवा ओळखीत तानपुरा मिळणे कोल्हापूरकरांना अवघड जाऊ नये. तारेच्या मध्यावर आणि एक तृतीयांश अंतरावर कागदाच्या बारीक पट्ट्या दुमडून घोड्यासारख्या बसवा. एक तृतीयांशावरच्या दुसऱ्या बिंदूला बोटाचा हलका स्पर्श ठेवून तार छेडली की मधला घोडा उडून पडतो आणि निस्पंदावरचा बसून राहतो. तार ९० सेंटिमीटर लांब आणि तिची कंपने सेकंदाला १४० असतील, तर तारेवरची तरंगलांबी १.८ मीटर आणि वेग २५२ मीटर. तोच सूर हवेत उतरला की वारंवारिता १४० च राहते, पण तरंगलांबी सुमारे २.५ मीटर होते. माध्यम बदलले की वेग आणि तरंगलांबी बदलतात, वारंवारिता बदलत नाही. ती उगमाची असते.

स्थिर तरंगाच्या नियमानुसार, ज्या बिंदूवर एखाद्या उपस्वराचा, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणाऱ्या वरच्या सुराचा, निस्पंद असतो तिथेच तार छेडली तर तो उपस्वर ऐकू येऊ नये. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले की तानपुरा हा नियम पाळत नाही. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, पसरट, किंचित गोलसर माथा आणि त्यावर तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा, म्हणजे आपली जवारी, यांमुळे थरथरणारी तार घोडीला पुन्हा पुन्हा घासून जाते आणि गळलेला उपस्वर परत उमटतो. त्यांनीच तबला-मृदंगांच्या शाईचाही अभ्यास केला होता. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर मूळ सुराशी बेसूर असतात. मधोमध लावलेली जड शाई त्यांना सुरात आणते. हलगीला शाई नसते, म्हणून हलगी कडाडते आणि तबला बोलतो.

रंकाळा : ना अवतरंग, ना अनुतरंग

छोट्या बाटलीत पाणी भरून झाकण लावा. ती जेमतेम तरंगेल आणि फक्त झाकण वर दिसेल इतके पाणी हवे. रिकामी बाटली किंवा थर्मोकोल चालत नाही, कारण त्यांना वारा ढकलत नेतो. बाटलीला लांब दोरा बांधून ती पाण्यात सोडा, दोरा सैल ठेवा आणि समोर एखादी खूण धरून बाटली कशी हलते ते पाहा. करवंटीने मला जे दाखवले तेच दिसेल : शृंगावर असताना बाटली लाटेच्या दिशेने पुढे, मग खाली, गर्तात असताना मागे, मग वर. लंब आणि समांतर या दोन्ही हालचाली इथे एकत्र आहेत, म्हणून पाण्याच्या पृष्ठावरचा तरंग हा वेगळाच प्रकार आहे. परत ओढणारे बलही इथे स्थितिस्थापकतेचे नाही. मोठ्या लाटांना गुरुत्व आणि बोटभर अंतरावरच्या बारीक लहरींना पृष्ठताण मागे ओढतो. काम झाल्यावर बाटली दोऱ्याने ओढून घ्यावी; रंकाळ्यात आधीच पुष्कळ कचरा आहे.

खोल पाण्यातल्या लाटेची लांबी मोजपट्टीशिवाय काढता येते. घाटाच्या एका दगडावरून दहा शृंगे जायला किती वेळ लागतो ते मोजा. आठ सेकंद लागले तर एका लाटेचा काळ ०.८ सेकंद. त्याचा वर्ग करून १.५६ ने गुणा. उत्तर सुमारे १ मीटर. ही रीत चालण्यासाठी पाण्याची खोली लाटेच्या निम्म्या लांबीपेक्षा जास्त हवी, कारण कणांची वर्तुळे खाली झपाट्याने लहान होत जातात आणि अर्ध्या तरंगलांबीएवढ्या खोलीवर ती पृष्ठभागावरच्या वर्तुळांच्या चार टक्क्यांवर येतात.

उथळ पाण्याचा हिशेब वेगळा आहे आणि तो घरी ट्रेमध्ये होतो. ट्रे ५० सेंटिमीटर लांब असेल, तर त्यात १ सेंटिमीटर पाणी घाला, एक कड पेराएवढी उचलून खाली टेकवा आणि लाट एका कडेहून दुसऱ्या कडेला किती वेळात जाते ते पाहा. १.६ सेकंदांच्या आसपास वेळ येईल. पाणी चौपट, म्हणजे ४ सेंटिमीटर केले की वेळ निम्मा होतो. उथळ पाण्यात वेग म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले खोली, याचे वर्गमूळ. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीची तरंगलांबी इतकी प्रचंड होती, की तिच्या दृष्टीने महासागरही ट्रेसारखाच उथळ होता. ४,००० मीटर खोलीसाठी हा हिशेब करा : सेकंदाला सुमारे १९८ मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरांहून अधिक.

जमीन : सगळे प्रकार एकाच वेळी

घन खडकातून अवतरंग आणि अनुतरंग दोन्ही जातात आणि त्याच्या पृष्ठावरून आणखी दोन प्रकार जातात. त्यांपैकी ज्यात जमिनीचे कण उभी लंबवर्तुळे काढतात तो रेले यांनी १८८५ मध्ये गणिताने वर्तवला होता. ज्यात जमीन बाजूला, आडवी हलते तो लव्ह यांनी १९११ मध्ये मांडला. भूकंपाच्या नोंदीत हे तरंग एकामागून एक येतात, हे ओळखण्याचे श्रेय भारतातच भूविज्ञानाचे काम केलेल्या रिचर्ड ओल्डहॅम यांना जाते. १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास त्याच्या मुळाशी होता. पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातून अवतरंग पार होत नाहीत, म्हणून तो द्रवरूप आहे हे पुढे कळले. पत्त्यांच्या कॅटचा नियम असा पृथ्वीच्या पोटापर्यंत पोहोचतो.

खडकातला अनुतरंग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर आणि अवतरंग सुमारे साडेतीन किलोमीटर जातो. आधी येणारा धक्का हलका असतो, मागून येणारा हादरवतो. दोहोंमधले सेकंद मोजून त्यांना ८ ने गुणले की भूकंपाच्या केंद्राचे अंतर ढोबळ किलोमीटरांत मिळते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. कोयनानगर ते कोल्हापूर हे सरळ रेषेतले अंतर अंदाजे ९० किलोमीटर आहे. अनुतरंगाला १५ आणि अवतरंगाला २६ सेकंद, म्हणजे मधे ११ सेकंदांचे अंतर पडायला हवे. माझी आई त्या पहाटेची हकीकत नेहमी एकाच क्रमाने सांगत असे : आधी मांडणीवरची भांडी किणकिणली, मांजर असेल म्हणून आजोबा उठले, माजघरातून सोप्यात आले, कडी काढून दार उघडले, आणि मग घर हलू लागले. तिचे निधन झाल्यावर एकदा त्या जुन्या घरी गेलो असताना मी मांडणीपाशी अंथरूण टाकले, घड्याळ सुरू केले, आजोबांच्या वयाच्या बेताने उठलो, सोप्यात गेलो आणि कडी काढली. दहा सेकंद लागले.